मशीन बंद होते, तार बंद नव्हती

शहादा तालुक्यात तापीकाठच्या गावांमध्ये झटका मशीन, म्हणजे कुंपणाच्या तारेत विजेचे झटके सोडणारे यंत्र, बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम मी गेली चौदा वर्षे करतो आहे. बहुतेक मशीन रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी असतात. पण सारंगखेड्याच्या घोडेबाजारामुळे या भागात घोडी पाळणारी घरे आहेत आणि त्यांच्या चराऊ रानाभोवतीचे कुंपणही मी सांभाळतो. घोड्याच्या कुंपणाला मी सर्वांत जास्त वेळ देतो. बिथरलेला घोडा तारेपासून मागे सरत नाही, तो तिच्यावरच धावून जातो. म्हणून तिथे मी काटेरी तारेत कधीच झटका सोडत नाही आणि घोड्याला लांबूनही दिसेल अशी, आत पोलादी धागे विणलेली रुंद पांढरी पट्टीच लावतो.

गेल्या कार्तिकात अशाच एका पागेच्या मालकांचा, आबांचा, फोन आला. दोन महिन्यांत दोन मशीन जळाले होते, आणि शिंगरू असलेली त्यांची कुमैत घोडी रात्री हौदाकडे फिरकत नव्हती, दिवसा मात्र निवांत पाणी पीत होती. मधल्या काळात त्यांनी दुसऱ्या एका कारागिराला बोलावले होते. ‘आभाळातली वीज पडली’ असे सांगून त्याने मशीन बदलले आणि पैसे घेतले. कार्तिकातल्या निरभ्र आभाळातून वीज कशी पडेल, एवढे तरी त्याने स्वतःला विचारायला हवे होते. जळालेला भाग बदलणे ही दुरुस्ती नव्हे. तो का जळाला, हे शोधणे ही दुरुस्ती.

तक्रार रात्रीची होती, म्हणून भाच्याला घेऊन मी पहाटे साडेपाचलाच पोहोचलो. दव पडले होते, घोड्या रानाच्या मधोमध एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

चांगले मशीन तारेत आठ-दहा हजार व्होल्टचा झटका सोडते, पण तो सेकंदाच्या अगदी बारीक अंशापुरता असतो आणि दोन झटक्यांमध्ये साधारण एक सेकंद जातो. त्या मोकळ्या वेळात चिकटलेला माणूस किंवा जनावर सुटू शकते. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे एका झटक्याची ऊर्जा ५ जूलच्या वर जाता कामा नये. घोड्यासाठी कुंपणाच्या शेवटच्या टोकाला किमान दोन-तीन हजार व्होल्ट मिळाले पाहिजेत, आणि ते मोजायला कुंपणाचाच मीटर लागतो. साधा मल्टीमीटर त्या झटक्याने खराब होतो. मात्र या सगळ्याआधी माझी एक चाचणी ठरलेली असते. मशीन बंद करायचे, कुंपणाची आणि अर्थिंगची अशा दोन्ही तारा त्याच्यापासून सोडवायच्या, आणि आता जी तार निर्जीव असायला हवी ती खरोखरच निर्जीव आहे का, हे टेस्टरने पाहायचे.

त्या पहाटे मी दोन्ही तारा सोडवल्या. भाच्याने ते पाहिले होते, त्यामुळे खाली लोंबलेली पट्टी सारखी करायला त्याने हात पुढे केला. “मामा, मशीन तर बंद आहे,” असे तो म्हणत असतानाच मी त्याचे मनगट धरले. टेस्टर पट्टीला लावला. दिवा लुकलुकला नाही, तो एकसारखा पेटून राहिला. मशीन सौर बॅटरीवरचे होते आणि त्या रानात घरगुती विजेची एकही वायर नव्हती. मल्टीमीटरवर पट्टी आणि अर्थिंगची सळई यांच्यामध्ये २१० व्होल्ट दिसले.

बॅटरीच्या उजेडात आम्ही पट्टीच्या कडेने चालत गेलो. दक्षिणेच्या कोपऱ्यात, बाभळीमागे, शेजारच्या मक्याच्या रानाभोवती लाकडी काठ्यांवर उघडी तार ओढलेली होती. एक काठी कलंडली होती आणि ती तार आमच्या सर्वांत खालच्या पट्टीवर टेकली होती. तिचे दुसरे टोक थेट मोटारीच्या स्टार्टर पेटीत गेले होते. आम्ही लांबूनच हाका मारल्या, तेव्हा शेजारचे नाना धावत आले आणि त्यांनी पेटीतले किटकॅट, म्हणजे फ्यूज, काढले.

मग सगळे उलगडले. आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट आलटून पालटून कधी दिवसा, कधी रात्री येते. ज्या आठवड्यात ती रात्री येई, त्या आठवड्यात नानांच्या तारेतली वीज पट्टीत उतरे, मशीनच्या आतल्या कॉइलमधून अर्थिंगच्या सळयांवाटे जमिनीत जाई, आणि कॉइल जळेपर्यंत वाहत राही. दोन्ही मशीन रात्रीच्या लाइटच्या आठवड्यातच गेले होते, हे आबांना तिथे उभ्या उभ्या आठवले. त्या तीन सळया हौदाशेजारी मीच ठोकल्या होत्या. काळी माती सुकली की भेगाळते आणि अर्थिंग धरत नाही, म्हणून कायम ओल असलेली जागा मी निवडली होती, आणि त्या कामाचा मला अभिमान होता. त्याच ओल्या जमिनीवर नाल ठोकलेले चार पाय टेकवून ती घोडी पाणी प्यायला उभी राहत असे, आणि वीज तिच्या पायांतून जात असे. तिचे वागणे आम्ही हट्ट समजत होतो.

नाना साठीच्या पुढचे आहेत, रान दोन एकरांचे. “रात्री जोडतो, सकाळी काढतो, डुकरे काहीच राहू देत नाहीत,” एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. मी त्यांना सांगितले की, ज्या रात्री तुमची लाइट असते त्याच रात्री आजूबाजूचा प्रत्येक शेतकरी पाणी भरायला अंधारात बांधाने चालत असतो. ते खाली बसले. अशी तार लावणे गुन्हा आहे, हे त्यांना ठाऊक होते. रात्रीच्या लाइटचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांनी मात्र अशा बांधावरून एकदा तरी चालून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

तार मी समोर उभे राहून काढायला लावली. दुरुस्त केलेले एक जुने मशीन त्यांना हप्त्याने दिले आणि नवे कुंपण घोड्यांच्या पट्टीपासून अडीच मीटरपेक्षा जास्त आत घेतले, कारण दोन वेगळ्या मशीनच्या तारांमध्ये तेवढे अंतर लागतेच. हौदाजवळच्या सळया उपटून उत्तरेच्या पाटाकडे नेल्या. नंतर मशीनपासून शंभर मीटर अंतरावर लोखंडी सळया तारेला टेकवून कुंपणाचा दाब दोन हजार व्होल्टच्या खाली पाडला आणि अर्थिंगवर किती व्होल्ट चढतात ते मोजले. तीनशेच्या आत असावेत असा नियम आहे. ते दोनशेच्या आतच राहिले. चौथ्या रात्री घोडी शिंगराला घेऊन हौदावर आली.

तक्रार मी कुठेही केली नाही. आबांनी ती माझ्यावर सोडली होती. भाच्याने परतीच्या वाटेवर एकदाच विचारले, “मामा, माझा हात लागला असता तर केली असती का?” कामाच्या वहीत त्या दिवसापुढे ‘दक्षिण कोपरा, बाहेरची तार काढली’ एवढेच लिहिलेले आहे. रात्रीच्या लाइटचा आठवडा लागला की मी अजूनही पहाटे टेस्टर घेऊन त्या बाभळीपाशी जातो.