दुसरा रोप आणि बिलेवर बसलेला माणूस

आमच्या डोंगरातल्या रेस्क्यू ग्रुपात नवीन पोरं आली की पहिल्याच प्रॅक्टिसला कोणतरी विचारतंच, "दादा, मला क्लायंबिंगचं बिले येतंय की, रेस्क्यूत आणि वेगळं काय हाय?" बिले म्हणजे रोपवरचा माणूस पडला तर त्याला रोपनं धरून थांबवणं. बाबा, जवळजवळ सगळंच वेगळं आहे, आणि बेळगाव-खानापूर-चंदगड पट्ट्यात आता इतकी पोरं रोप घेऊन डोंगरात जायला लागलीत की हे एकदा नीट लिहून ठेवावं असं बरेच दिवस डोक्यात होतं.

क्लायंबिंगमध्ये रोपच्या टोकाला एकच माणूस असतो, रोप डायनॅमिक असतो म्हणजे तो ताणून झटका स्वतः खातो, आणि पडणाऱ्याचं वजन सत्तर-ऐंशी किलो. रेस्क्यूत नेहमीच्या पद्धतीत दोन रोप, लोड घेणारा मेन आणि तो गेला तर धरायला दुसरा बिलेचा. खाली स्ट्रेचर, त्यात जखमी माणूस, शेजारी त्याला सांभाळणारा आपला माणूस, वर दोघांचं सामान, म्हणून हिशोबच २०० किलोचा धरतात. आणि रोप स्टॅटिक, जो जास्त ताणत नाही, म्हणजे झटका सरळ अँकरवर (रोप वर जिथं बांधतो ती जागा) आणि पेशंटवर. मेन रोप तुटला किंवा वरचा अँकर निघाला तर हे २०० किलो बिलेवाल्याच्या अंगावर एका क्षणात येतात आणि हातात धरलेलं एटीसी किंवा फिगर एट, म्हणजे क्लायंबिंगमधली हातानं रोप अडवायची साधी डिव्हाइस, तिथं थांबवू शकत नाही, कितीबी ताकदीचा गडी असू दे.

हे नुसतं अंदाजानं बोलत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियातल्या रेस्क्यूवाल्यांनी १९८० च्या दशकात याच्या ड्रॉप टेस्ट केल्या. ३ मीटर रोप बाहेर, २०० किलो वजन १ मीटर उचलून सोडायचं, आणि अट अशी की वजन पुढच्या १ मीटरच्या आत थांबलं पाहिजे आणि झटका १५ किलोन्यूटनच्या वर जाता कामा नये, म्हणजे साधारण दीड टन वजनाइतका. क्लायंबिंगमध्ये रोज वापरतो त्या मंटर हिचची गाठ, फिगर एट असल्या हातावरच्या पद्धती तिथं कमी पडल्या. टिकला तो टँडम प्रुसिक, म्हणजे रोपवर वेढलेले कॉर्डचे दोन लूप, जे लोड आला की आवळून रोप पकडतात, आणि नंतर ५४० सारखी खास यासाठी बनवलेली डिव्हाइस आली.

मी प्रॅक्टिसला एकच प्रश्न विचारतो. आत्ता शिट्टी वाजली आणि सगळ्यांनी हातातलं सोडून दिलं, तर खालचा माणूस जागेवर राहील का? नाही राहणार असं उत्तर आलं तर सिस्टिम परत लावायची, मग खाली पाऊस येऊ दे नाहीतर अंधार पडू दे. मधमाशा उठतात, वरनं दगड येतो, पाय घसरतो, माणूस हात सोडतोच, आणि पेशंटचा जीव कुणाच्या हिमतीवर टांगून ठेवायचा नसतो.

टँडम प्रुसिकवर थोडं सविस्तर लिहितो कारण स्वस्तात होतो म्हणून सगळे लावतात आणि चुकीचा लावतात. ११ ते १२.५ मिलीच्या रोपवर ८ मिलीच्या कॉर्डचे दोन लूप, एक लांब एक आखूड, प्रत्येकाचे तीन वेढे, आणि दोघांत वीतभर नाही, चार बोटांचं अंतर. कॉर्ड नवी कडक असली की पकडत नाही, आधी मऊ करून घ्या. वेढे एकावर एक चढलेले नसावेत, गाठ नीट बसवा. सोडताना एका हातानं दोन्ही प्रुसिक हलके धरून ठेवायचे आणि दुसऱ्या हातानं रोप पुढं द्यायचा, ढील फार ठेवायची नाही. खरी भानगड इथंच आहे. झटका आला की माणूस घाबरून हातातलं घट्ट आवळतो, आणि प्रुसिक आवळून धरला की तो पकडत नाही, रोपवरनं घसरत जातो आणि वितळतो. म्हणून तो हात असा वळवून धरायला शिकवतात की झटका आला तर प्रुसिक मुठीतनं आपोआप निसटून जातील. ही सवय वाचून लागत नाही, वजन टांगून परत परत सोडून बघायला लागतं.

आणि प्रुसिक एकदा लोड घेऊन बसले की हातानं सुटत नाहीत. म्हणून अँकर आणि प्रुसिकच्या मध्ये लोड रिलीज हिच, म्हणजे लोड असतानाच हळूहळू सोडता येणारी गाठ, लागतोच, त्यातला रेडियम हिच केला तर ८ मिलीची साधारण १० मीटर कॉर्ड जाते. पोरं कॉर्ड वाचवायला हेच गाळतात, आणि मग पेशंट मधेच लटकलेला आणि वर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

कड्याची धार हा सगळ्यात वाईट टप्पा. आपल्याकडं घाटमाथ्यावर जांभा, खरखरीत, रोपला किसणीसारखा लागतो, त्यामुळं धारेवर एज प्रोटेक्टर नाहीतर जाड गोणपाट पाहिजेच, आणि जांभ्यातल्या एका भेगेवर विश्वास टाकून अँकर लावू नका, मागं जाऊन मोठं जिवंत झाड किंवा पक्का कातळ शोधा. मेनचा अँकर वेगळा, बिलेचा वेगळा.

आता बरेच ठिकाणी दोन्ही रोपांवर सारखाच लोड ठेवतात, प्रत्येकावर डिव्हाइस, एक मेन एक बिले असा फरकच नाही. मला हे जास्त पटतं. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा. एवढा रोप बाहेर असताना बिले सैल असेल आणि मेन गेला तर तीन टक्के ताण धरला तरी दीड मीटर माणूस खाली जातो, वरची ढील वेगळीच, आणि तो तळाच्या जवळ असेल तर दगडावरच आदळतो. दोन्ही रोप आधीच ताणलेले असले की ही पडझड फार कमी होते. फक्त दोन्ही रोप एकाच वेगानं सोडायला दोघांचा ताळमेळ बसायला वेळ लागतो.

धबधब्याच्या आवाजात ओरडून काही कळत नाही, त्यात आमच्यात निम्मे मराठी निम्मे कन्नड बोलणारे. शिट्टीच बरी: एक म्हणजे थांब, दोन वर, तीन खाली, चार म्हणजे रोपवरनं सुटलो, आणि लांब वाजत राहिली की काहीतरी बिघडलंय. एक शिट्टी कुणीबी वाजवू शकतो, नवीन पोरगा असला तरी, आणि ती वाजली की सगळ्यांनी थांबायचं, वाद नंतर.

बिलेवर बसणाऱ्याला दुसरं काम द्यायचं नाही, फोटो नाही, फोन नाही. काम झालं की प्रुसिक बोटांत फिरवून बघायचे, कुठं चकाकी किंवा कडकपणा दिसला तर ती कॉर्ड तिथंच कापून टाका, नाहीतर पुढच्या वेळी कुणीतरी तीच बॅगेतनं काढून लावतो.