मामांनी शर्ट उलटा केला

जळगावात पहाटे उतरलो तेव्हा चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरावा लागला, इतकी थंडी. एवढं सोडलं तर जळगावबद्दल मला एकच सांगायचंय: तिथे मी अठराशे रुपयांना एक शर्ट घेतला आणि पुढचे दोन दिवस फुगून फिरलो.

मला कामगारी शर्टांचं वेड आहे. गिरणीत, शेडमध्ये, गोदीत घालायचे ते जाड, निळे, दोन खिशांचे. त्या धाटणीचे नवे शर्ट हल्ली ऑनलाइन चार-चार हजारांना मिळतात. माझ्याकडे तीन आहेत. बायकोच्या मते तिन्ही एकच. पण खरा जुना एकही नव्हता. दुकानदार (दुकानाचं नाव लिहीत नाही) म्हणाला, "साहेब, गिरणीतल्या माणसाचा आहे, पन्नास-पंचावन्न सालचा."

मीही काही अगदीच भोळा नाही. शर्ट दाराशी उजेडात नेला. कापड शेंब्रे: उभा धागा निळा, आडवा पांढरा, साधी वीण, डेनिमसारखी तिरपी रेघ नाही. बगलेपासून खाली तिहेरी शिलाई. बाजूची शिवण घेरापाशी जिथे संपते तिथे ती फाटू नये म्हणून लावलेली छोटी तिकोनी कळी. आणि मुख्य म्हणजे आत कुठेही 'कसा धुवावा' सांगणारी पट्टी नाही! अमेरिकेत ती पट्टी सक्तीची झाली १९७२च्या जुलैत. म्हणजे शर्ट त्याआधीचा. कॉलरखाली इंग्रजीत बॉम्बेचा पत्ता छापलेला, तो वाचून तर मी विरघळलोच. अडीच हजारांचे अठराशे केले. शिलाईतला एक धागा काढून काडी लावून बघायची असते. जुना सुती असेल तर राख होते, नवा पॉलिएस्टरचा असेल तर वितळून मणी होतो. मी हे दहा जणांना शिकवलंय. स्वतः मात्र लावली नाही. दुकानदारासमोर लाज वाटली.

दुसरा दिवस अमळनेरात. प्रताप मिलच्या बाजूला तो शर्ट घालून फोटो काढून घेतला, हे कबूल करायला हवं. साने गुरुजींनी ज्या गावात पोरांना शिकवलं तिथे मी कॉलर नीट करत उभा.

तिथून भुसावळ. मित्राचे मामा तिथे राहतात, आणि हॉटेल कशाला शोधतोस म्हणून त्यांनी फोनवरच दम भरला होता. पाहुणचाराची मला धास्तीच असते, कारण नाही म्हणता येत नाही. इथे म्हणायची इच्छाही झाली नाही. पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्यांचं, बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचलेलं भरीत आणि कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी. तिसऱ्या भाकरीला मी शर्टाची गोष्ट सांगायला घेतली.

"हाऊ कितलाले लिधा?" मामा म्हणाले.

मी आकडा सांगितला. मामींनी ताटात बघितलं. मामांनी हात धुतले, चष्मा लावला, खुर्चीवरचा शर्ट घेऊन उलटा केला. शिलाई नाही बघितली, कळी नाही. थेट कॉलरखालचा पत्ता वाचला आणि हसायला लागले. मामा आयुष्यभर आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपालसेवेत होते, भुसावळच्या जंक्शनात टपाल वर्गवारीला.

"पिनकोड तं बहात्तरमा उना ना भो."

पत्त्याच्या शेवटी सहा आकडे होते. चारपासून सुरू होणारे, स्वच्छ, मोठे. मी ते दुकानातही वाचले होते. "पंधरा ऑगस्ट," मामा सांगत होते, "त्याआधी बॉम्बे दोन, बॉम्बे चार, एवढंच लिहायचे लोक. आपलं ४२५२०१ पाठ व्हायलाच किती दिवस गेले." जुलै १९७२ आणि ऑगस्ट १९७२. एकाच पावसाळ्यातले दोन नियम, आणि मी भुसावळपासून पंचवीस किलोमीटरवर घेतलेल्या शर्टाला अमेरिकेचा लावला.

रात्री झोप लागेना. मामींनी दिलेली गोधडी जड होती, धुऊन धुऊन मऊ पडलेली. चाचपडताना बोटं एका खिशात गेली. गोधडीला खिसा! मोबाइलचा उजेड पाडला. निळा तुकडा, दोन्ही बाजूंनी जवळजवळ पांढरा पडलेला, पण खिशाच्या आत कापड अजून गडद, जसं विणलं तसं. शेजारच्या तुकड्यावर दोन काजं, बटणं काढून घेतलेली. काजाजवळ तेलाचा डाग, तो काही आता कुठल्याच साबणाला दाद देणार नाही. खिशाचा एक कोपरा हाताने पुन्हा शिवलेला, काळ्या दोऱ्याने, घाईत. मी अर्धा तास तो तुकडा बघत पडलो होतो. पत्ता नाही, पट्टी नाही, साल लावायला काहीच नाही.

सकाळी विचारलं. "मामंजींचा," मामी म्हणाल्या. त्यांचे सासरे लोको शेडमध्ये फिटर होते, वाफेच्या इंजिनांच्या काळात. डंगरीवर डंगरी (जाड कापडाचे कामाचे कपडे) फाटायची म्हणे. (हा शब्द मुंबईच्या डोंगरीतला, तिथे विकल्या जाणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून साहेबाने उचललेला. मी तेव्हा गप्प बसलो, हे एक बरं केलं.) शर्ट कोपरात गेला की बाही कापायची, पाठीत गेला की फडकं, उरलं ते गोधडीत. धड शर्ट कोणी मागे ठेवतच नव्हतं. मग बाजारात मिळणारे ते पन्नास सालचे धडधाकट शर्ट कुणाच्या अंगावरून वाचले, हा प्रश्न मला अठराशे देण्याआधी पडायला हवा होता.

आणि तरीही मी विचारलंच. "मामी, ही गोधडी द्याल का? पैसे…"

त्यांना पैशांचं ऐकूच गेलं नाही बहुतेक. "पुण्याला थंडी असते का रे इतकी? दुसरी देते तुला, नवीन लुगड्यांची. ही नको, ही घरातली शे." आणि खरंच दुसरी बांधून दिली. नाही म्हणता आलं नाही.

घरी आल्यावर शर्ट बादलीत भिजवला. दहा मिनिटांत पाणी शाईसारखं निळं. सोबतची दोन बनियनं गेली. पन्नास सालचा राहू दे, बहात्तर सालचा रंगही इतक्या धुण्यांनंतर असा सुटत नाही. तो पत्ता, पिनकोडसकट, कुणीतरी हौसेने नव्यानेच छापला असणार. मग काडी लावली. मणी झाला.

शर्ट घालतो अजून. खांद्यात चांगला बसतो.