कॅनरी वाजत नाही

‘कॅनरी इन द कोल माइन’, म्हणजे ‘कोळशाच्या खाणीतला कॅनरी पक्षी’, या इंग्रजी वाक्प्रचारासाठी मराठीत ‘धोक्याची घंटा’ असताना तुम्ही एवढा घोळ का घालता? अनुवादाचं काम करते म्हटल्यावर हे इतक्यांनी विचारलंय, की आज एकदा लिहूनच टाकते.

मीही पूर्वी घंटाच लिहायचे. वाचक अडखळत नाही, वाक्य पुढे सरकतं. ती चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. पण घंटा वाजते. कॅनरी दांडीवरून खाली पडतो.

१८९६ साली वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने मृतदेह तपासले. बहुतेकांचा जीव स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने गेला होता. या वायूला ना वास, ना रंग. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून घट्ट धरतो. हॉल्डेनने सुचवलं, खाली जाताना उंदीर किंवा कॅनरीसारखा छोटा पक्षी न्या. इवलासा जीव, भराभर श्वास. माणसाच्या आधी तो कोसळतो. ब्रिटनच्या खाणींत ही पद्धत यंत्रं येईपर्यंत, म्हणजे १९८६ पर्यंत टिकली. काही पिंजऱ्यांवर ऑक्सिजनचं छोटं नळकांडं असायचं, पडलेल्या पक्ष्याला शुद्धीवर आणायला. म्हणजे निदान कुणाचं तरी त्याच्याकडे लक्ष असायचं.

आमचं नव्हतं.

आमच्या बाथरूममध्ये गॅस गिझर होता. वर एक झरोका, थंडीत त्यात आम्ही पुठ्ठा खोचायचो. आई तिथेच तास-तासभर कपडे धुवायची, गरम पाणी चालू ठेवून. त्या डिसेंबरात तिचं डोकं रोज दुखायला लागलं. मळमळ, पायांत गोळे. ‘गॅलरीत बसलं की बरं वाटतं गं,’ असं ती मला निदान चार वेळा म्हणाली. मी म्हटलं, पित्त आहे, चहा कमी कर. कोकमाचं सरबत करून दिलं. डॉक्टरांनीही पित्ताच्याच गोळ्या दिल्या होत्या, मग मला काय कळणार होतं?

जानेवारीत धाकटा भाऊ अंघोळीला गेला. पाणी पडत होतं, पण बादलीचा, तांब्याचा आवाज येईना. ते आईलाच जाणवलं. तिने हाका मारल्या, मग वरवंट्याने कडी तोडली. तो मोरीच्या कठड्याला टेकून पडला होता, नळ चालूच. आम्ही त्याला ओढत गॅलरीत आणलं. तो वाचला. गिझरमुळे तोच कार्बन मोनॉक्साइड आत कोंडला होता. दवाखान्यात विचारलं, घरात आधी कुणाला त्रास होत होता का? आई काही बोलली नाही. मीच म्हटलं, नाही.

ते ‘नाही’ माझ्या डोक्यातून जात नाही. खोटं बोलायचं नव्हतं मला. आईचं दुखणं खरोखर आठवलंच नाही, आणि तेच जास्त वाईट. रात्री झरोक्यातला पुठ्ठा काढताना आठवलं.

म्हणून घंटा लिहिताना हात थांबतो. घंटेला काही होत नाही. ‘कॅनरी’ या शब्दात कुणाला तरी आधी काहीतरी होतं, आणि बाकीचे त्याच्याकडे बघतात किंवा बघत नाहीत. मराठीत हे कसं आणायचं, मला सापडलेलं नाही. परवा ‘खाणीतला कॅनरी’ तसाच ठेवला, खाली दोन ओळींची टीप दिली. संपादकांनी टीप काढली, घंटा घातली. वाचकाला ती कळेल, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. मी फोन करून भांडलेही, आणि मग घंटाच छापू दिली.