प्रभारी ड्युटी कोणाला मिळते?

वॉर्डात वंचित समाजांतल्या परिचारिका भरपूर आणि मेट्रनच्या (रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकेच्या) खुर्चीपर्यंत पोहोचलेली एकही नाही, असं दिसलं की व्यवस्थापन बहुधा नेतृत्वाचं शिबिर भरवतं. दोन दिवस भाषणं होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि रोस्टर, म्हणजे ड्युटीचा तक्ता, पूर्वीसारखंच लागतं. बढतीची खरी वाट या रोस्टरमधूनच जाते. वॉर्डची प्रमुख परिचारिका, म्हणजे इन्चार्ज, रजेवर गेली की तिच्या जागी प्रभारी म्हणून कोण बसतं? हे सहसा तोंडी ठरतं, ओळखीतल्या मुलीला सांगितलं जातं आणि पुढे मुलाखतीत तोच ‘अनुभव’ म्हणून मोजला जातो.

म्हणून आधी मोजणी करा. स्टाफ नर्स, शिफ्ट इन्चार्ज, वॉर्ड इन्चार्ज, सहायक मेट्रन, मेट्रन अशा पायऱ्या मांडून कोणत्या पायरीवर या समाजांतल्या परिचारिकांचा टक्का एकदम घसरतो ते पाहा. मग त्या पायरीसाठी मागच्या तीन वर्षांत कोणी अर्ज केले, कोणाला मुलाखतीला बोलावलं आणि कोणाची निवड झाली ते काढा. अर्जच येत नसतील तर जागा निघाल्याची बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचते का, ते तपासा. मुलाखतीनंतर नावं गळत असतील तर निवड समितीकडे बघा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २०१५ पासून वांशिक समानतेचं जे मानक लागू आहे, त्यात शिस्तभंगाच्या कारवाईत कोण किती प्रमाणात ओढलं जातं हेही मोजतात. हे मोजायलाच हवं. एकीची चूक समज देऊन मिटते, दुसरीला त्याच चुकीसाठी मेमो मिळतो आणि तो मेमो पुढची कित्येक वर्षं तिच्या फायलीत राहतो.

प्रभारी ड्युटीचा तक्ता भिंतीवर लावा आणि इच्छुकांची नावं उघडपणे मागवा. आठवडाभराच्या ड्युटीत फार काही शिकता येत नाही. निदान तीन महिने द्या, म्हणजे रोस्टर लावणं, औषधांचा इंडेंट (मागणीपत्र), रजांची ओढाताण, नातेवाइकांची तक्रार, एखादा इन्सिडेन्ट रिपोर्ट (वॉर्डातल्या चुकीचा किंवा अपघाताचा लेखी अहवाल) हे सगळं हातून जातं. त्या काळाचा भत्ता द्या. प्रभारी झालेल्या परिचारिकेचे नेहमीचे रुग्ण दुसऱ्या नर्सकडे सोपवा, नाहीतर ती दोन्ही कामं करत दमते आणि ‘तिला झेपलं नाही’ असा शेरा पडतो. सर्वांत वाईट म्हणजे मनुष्यबळ सर्वांत कमी असलेली रात्रपाळीच तिच्या वाट्याला टाकणं. तिथे कोणाचीही घडी विस्कटेल.

अधिकार लेखी द्या. ड्युटी बदलणं, जादा नर्स मागवणं, डॉक्टरांना पुन्हा बोलावणं यांतलं काय ती स्वतः ठरवू शकते, हे मेट्रनच्या सहीनं वॉर्डात लागलेलं असावं. वयानं मोठ्या सहकारी तिचं ऐकत नाहीत किंवा डॉक्टर तिला वगळून दुसरीशी बोलतात, तेव्हा वरिष्ठांनी त्याच दिवशी ‘इन्चार्ज तीच आहे’ असं सर्वांसमोर सांगायला हवं.

मार्गदर्शक नेमताना एक पथ्य पाळा: जी तिचा गोपनीय अहवाल लिहिते, ती मार्गदर्शक नको. तिच्यासमोर मनातली शंका कोण बोलेल? दर दोन-तीन आठवड्यांनी पाऊण तास, तोही ड्युटीच्या वेळेत, पुरतो. पण मार्गदर्शकाइतकीच, माझ्या मते त्याहूनही जास्त, गरज असते ती बढतीच्या बैठकीत तिचं नाव घेणाऱ्या वरिष्ठ व्यक्तीची. परिचारिका स्वतः त्या बैठकीत नसताना तिच्या कामाचा दाखला कोणीतरी द्यायला हवा.

अभिप्राय नेमका हवा. ‘आत्मविश्वास वाढवा’ यातून तिला काहीच हाती लागत नाही. ‘हँडओव्हरमध्ये (पाळी बदलताना रुग्णांची माहिती देताना) गंभीर रुग्ण आधी सांगा, बाकीचे नंतर’ असं सांगितलं तर ती उद्यापासून तसं करू शकते. शिवाय समाजाशी निगडित प्रत्येक समितीवर, दुभाष्याच्या कामाला आणि माहितीपत्रकावरच्या फोटोसाठी तिलाच बोलावू नका. या कामात वेळ जातो आणि बढतीत त्याची दखल घेतली जात नाही. तिला मनुष्यबळाच्या, खर्चाच्या आणि संसर्ग नियंत्रणाच्या बैठकीत बसवा.

मुलाखतीत सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारा. प्रत्येक परीक्षकानं चर्चेआधी गुण लिहून टाकावेत, म्हणजे ज्येष्ठाच्या मताकडे बाकीचे झुकत नाहीत. ‘आपल्यात मिसळेल का?’ हा निकष काढून टाका. निवड न झालेलीला आठवडाभरात गुणपत्रक दाखवा आणि कमी पडलेल्या कामाची ड्युटी पुढच्याच तक्त्यात तिच्या नावावर लावा.