अजून उलटाच बसवता का त्याला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुम्ही म्हणजे कुणी एक नाही. माझी मावसबहीण, शेजारच्या काकू, थोरलीच्या मैत्रिणींचे आईवडील, आणि सिग्नलला गाडी थांबली की मागच्या काचेतून धाकट्याचा चेहरा आपल्याकडेच वळलेला पाहून आश्चर्य करणारी अनोळखी माणसंसुद्धा. प्रश्न थोड्याफार फरकानं तोच असतो. साडेतीन वर्षांचा झाला, मुलांच्या कार सीटमध्ये अजून उलटाच, मागं तोंड करून बसवता? पाय दुमडून बसतो बिचारा. निदान रडतो तेव्हा तरी मांडीवर घ्या की.

आजवर मी दोन वाक्यांत विषय मिटवत आले. "तेच जास्त सुरक्षित असतं" आणि "त्याला सवय आहे". दोन्ही खरं आहे, पण तुमचं समाधान झालेलं नाही हे मला दर वेळी दिसतं. मागच्या आठवड्यात बहिणीनं सरळच विचारलं, "तुला इतकी भीती कसली वाटते गं?" तेव्हा मी गप्प बसले. हे तिच्यासाठीही आहे.

आधी मानेचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. लहान मुलाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानानं फार मोठं असतं. जन्मलेल्या बाळाच्या लांबीचा चौथा हिस्सा नुसतं डोकं असतं, मोठ्या माणसात ते सातव्या-आठव्या हिश्श्यावर येतं. आणि हे जड डोकं ज्या मणक्यांवर तोललेलं असतं, ते अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. मधे कूर्चा असते, ती भरून यायला वर्षं लागतात. मूल पुढं तोंड करून बसलेलं असताना गाडी समोरून आदळली, तर पट्टे खांदे धरून ठेवतात आणि डोकं एकटं पुढं फेकलं जातं. सगळा ताण मानेवर. तेच मूल पाठमोरं असेल तर डोकं, मान, पाठ एकदम सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का सगळ्या पाठीभर वाटला जातो. बर्टिल आल्डमन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांना हे 1960 च्या दशकात सुचलं, अंतराळवीर यानात कसे पाठीवर धक्का झेलत बसतात ते पाहून. त्यांच्या देशात चार वर्षांपर्यंतची मुलं पाठमोरी बसणं ही आज अगदी साधी गोष्ट आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2018 मध्ये दोन वर्षांची अटच काढून टाकली आणि सांगितलं की सीटच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतंय तोवर मूल उलटंच बसवा. म्हणजे हे माझं खूळ नाही.

पायांचं म्हणाल, तर तो मांडी घालतो, नाहीतर पाय सीटच्या पाठीला टेकवून वर करतो. घरी जमिनीवरही तो असाच बसतो. पाय आखडल्याची तक्रार मला आजवर मोठ्या माणसांकडूनच ऐकू आली आहे.

"आणि मागून कुणी ठोकलं तर?" हाही प्रश्न येतो, आणि तो चांगला प्रश्न आहे. मागून बसणाऱ्या धडकेत बहुतेक वेळा दोन्ही गाड्या एकाच दिशेला जात असतात, म्हणून धक्का त्या मानानं कमी असतो. समोरच्या धडकेत तसं नसतं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, हेही मला मान्य आहे. मी जास्त वाईट गोष्टीपासून वाचवायचं ठरवलं, इतकंच.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण बहिणीनं विचारलं ते मणक्यांबद्दल नव्हतं.

थोरली चौदा महिन्यांची होती. तिच्यासाठी कार सीट आम्ही ती जन्मायच्या आधीच आणली होती, माहितीपत्रक मी दोनदा वाचलं होतं. मी निष्काळजी आई नव्हते, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. आठ महिन्यांची झाल्यावर मात्र मी तिला पुढं तोंड करून बसवायला लागले. तिला बाहेरचं दिसेल, आम्ही दिसू, रडणार नाही, असा माझा हिशेब होता. त्या संध्याकाळी आम्ही एका लग्नाहून परतत होतो. नवरा गाडी चालवत होता, सासूबाई त्याच्या शेजारी, मी मागे थोरलीजवळ. ती चाळीस मिनिटं रडत होती. कुरकुर नव्हे, आकांत. केस घामानं कपाळाला चिकटलेले, हुंदक्यामागून हुंदका, मधेच श्वास अडकल्यासारखा व्हायचा. पाणी दिलं, खुळखुळा दिला, गाणी म्हणून झाली. घर दहा मिनिटांवर आलं होतं.

मी बकल उघडलं. ते लाल बटण घट्ट होतं, दोन्ही अंगठ्यांनी दाबावं लागायचं. खांद्यावरचे पट्टे बाजूला करून मी तिला उचललं आणि छातीशी धरलं. तिचं रडणं क्षणात थांबलं. गाडीतलं सगळं वातावरणच बदललं. नवऱ्यानं आरशातून पाहिलं, सासूबाईंनी सुस्कारा सोडला. माझा स्वतःचा सीट बेल्ट लावलेला होता. डावा हात तिच्या पाठीवर, उजवा तिच्या मांड्यांखाली. तिची ओली हनुवटी माझ्या खांद्यावर होती. मी तिला अगदी घट्ट धरलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतर कितीतरी जणांनी मला म्हटलं, "नीट धरलं नसशील."

पुढं वळणावर एक ट्रक थांबलेला होता, मागचे दिवे बंद. आमचा वेग ताशी 30 च्या आसपास असेल. नवऱ्यानं ब्रेक मारला, म्हणजे आदळताना त्याहूनही कमी. आवाज आला आणि माझे हात रिकामे झाले. तिला सोडल्याचं, ती निसटल्याचं काहीच मला जाणवलं नाही. आधी ती होती आणि नंतर माझ्या उजव्या मुठीत तिच्या झबल्याचं एक बटण होतं, दोऱ्यासकट. ती पुढच्या सीटच्या पाठीवर आपटून खाली पायांशी पडली होती. आणि गप्प होती. चाळीस मिनिटं जे रडणं थांबावं म्हणून मी देवाला विनवत होते, ते ऐकू यावं म्हणून मी खाली हात घालून तिला चाचपत होते.

मग ती रडली.

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, वरचा ओठ फाटला होता, पुढचे दोन दुधाचे दात गेले होते. एवढ्यावर निभावलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टाके घालताना विचारलं, "बाळ कुठं होतं?" मी म्हटलं, "माझ्या हातात." त्यांनी मान वर केली नाही, पुढं काही विचारलंही नाही.

माझ्या हातांत किती बळ कमी पडलं, याचं गणित मी नंतर शिकले. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी भिंतीवर आदळली तर ती थांबायला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग लागतो. तेवढ्या वेळात दहा किलोचं मूल थोपवायचं तर दीडदोनशे किलो पेलण्याइतकी ताकद लागते. तेवढ्या वेगानं आदळणं म्हणजे जवळपास दहा मीटरवरून खाली पडणं. आमचा वेग याच्या निम्म्याच्या आसपास असेल, म्हणून ती वाचली. आणि माझा बेल्ट लावलेला नसता तर माझं सगळं वजन तिच्यावर आलं असतं. एकच पट्टा आई आणि मूल दोघांभोवती घेणं त्याहून वाईट, कारण तेव्हा मूल पट्टा आणि आईचं अंग यांच्यामध्ये चिरडतं. हे सगळं समजल्यावर "घट्ट धरलं होतं" या वाक्याला काही अर्थ उरला नाही. घट्ट धरणं ही माझ्या मायेची खूण होती. ट्रकला तिच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

आता एक गोष्ट, जी मी दहा वर्षांत कुणालाच सांगितलेली नाही. मी सगळ्यांना सांगत आले की सासूबाई म्हणाल्या, "घे गं तिला, किती रडवतेस," म्हणून मी तिला काढलं. त्या तसं म्हणाल्या होत्या, पण अर्ध्या तासापूर्वी. आणि मी तेव्हा "नको आई, थोडं राहिलंय" असं म्हटलं होतं. बकल उघडलं ते माझ्या मनानं. मला ते रडणं सहन होईना म्हणून. सासूबाईंनी हा आरोप कधी नाकारला नाही. आपल्यामुळंच झालं असं त्यांना खरंच वाटत राहिलं असावं, आणि मी ते वाटू दिलं. त्या गेल्या. नवरा अजून म्हणतो, "चूक माझी, मला ट्रक दिसायला हवा होता." त्याच्याशीही मी यावर कधी धड बोलले नाही. तो हे वाचेल.

तेव्हाची मी समोर येते कधीकधी. म्हणते, तू तिथं असतीस तर तूही काढलं असतंस, चाळीस मिनिटं ऐकून बघ. मी तिला सांगते, गाडी बाजूला घेता आली असती. पंधरा मिनिटं थांबून, तिला खांद्यावर घेऊन फिरवून, परत बसवून निघता आलं असतं. तेव्हा हे तिघांपैकी एकालाही सुचलं नाही. आता धाकटा रडला की आम्ही थांबतो. परवा तासाभराच्या रस्त्याला दोन तास लागले. तुम्ही आमच्या पुढं पोचून वाट पाहत होतात, आणि त्यावरूनही बोललात.

मग कडकपणा इतका का? कारण सीट असणं आणि मूल तिच्यात नीट असणं यांत फार अंतर आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही. एकदा धाकट्याला जाड जॅकेटसकट बसवून पट्टे आवळले. वरून सगळं घट्ट दिसत होतं. शंका आली म्हणून पट्टे तसेच ठेवून त्याला बाहेर काढलं, जॅकेट उतरवून परत बसवलं. पट्ट्याखाली माझा सबंध पंजा गेला. धडकेत जॅकेटमधली हवा अशीच दबते आणि मूल तेवढ्या फटीतून पुढं जातं. तेव्हापासून जॅकेट काढून आधी पट्टे, मग वरून पांघरूण. खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून बघते, चिमटीत आला तर अजून सैल आहे. उलट्या सीटमध्ये पट्टा खांद्याच्या बरोबरीनं किंवा किंचित खालून निघायला हवा. सीट गाडीला जिथं बांधली असते तिथं धरून हलवली तर बोटाच्या एका पेराहून, म्हणजे अडीच सेंटिमीटरपेक्षा, जास्त हलता कामा नये. आणि पुढच्या सीटवर एअरबॅग चालू असेल तर उलटी सीट तिथं कधीच नाही. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते आणि ती थेट मुलाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळेल. यात माझ्याकडून तडजोड होणार नाही, कुणी रागावलं तरी.

रागावलेत तुम्ही. वाढदिवसाहून परतताना पाच जणांच्या गाडीत सात मुलं कोंबायची होती, तेव्हा मी थोरलीला पाठवलं नाही. "पाचच मिनिटांचं तर अंतर आहे" असं कुणीतरी म्हणालं, आणि मी जरा जास्तच तोडून बोलले. त्या बोलण्याबद्दल मला वाईट वाटतं. न पाठवल्याबद्दल वाटत नाही. पण बाकीची मुलं त्याच गाडीतून गेली आणि मी त्यांना जाऊ दिलं, याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

आणि मी स्वतः? गेल्या महिन्यात आमची गाडी बंद पडली, धाकट्याला ताप होता. मिळाली ती भाड्याची गाडी केली, कार सीट नव्हती. मागच्या सीटवर मधोमध त्याला गाडीच्या पट्ट्यात बसवलं. तो पट्टा मोठ्यांसाठीचा, कमरेच्या हाडावर राहायच्या ऐवजी सारखा त्याच्या पोटावर सरकत होता आणि मी बोटांनी तो खाली ओढत होते. सगळं माहीत असून मी त्याला नेलं. बहिणीनं हे पाहिलं असतं तर तिनं नक्की विचारलं असतं, मग आता कशी चालली गं? माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ताप 104 होता, एवढंच होतं.

थोरलीची वेगळीच लढाई आहे. तिला मैत्रिणींसमोर बूस्टरवर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून उंच करणाऱ्या बैठकीवर, बसायची लाज वाटते. तिनं स्वतः वाचून काढलंय की काही देशांत 135 सेंटिमीटरला बूस्टर सुटतो, काही ठिकाणी 145 ची शिफारस आहे, आणि काही देशांत 150. "तू 150 च का धरलंस?" तिनं विचारलं. ती 142 आहे. मी तिला बूस्टरशिवाय सीटवर बसवून पाहिलं. पाठ टेकवून बसली तर गुडघे सीटच्या कडेशी वाकायला हवेत, खालचा पट्टा पोटावर नव्हे तर मांड्यांवर, वरचा खांद्याच्या मधोमध. पट्टा अगदी बरोबर होता. गुडघे मात्र कडेपर्यंत पोचत नव्हते, म्हणून पाचव्याच मिनिटाला ती पुढं घसरून बसली आणि पट्टा पोटावर आला. तिनं ते पाहिलं आणि पटकन मागे सरकली, मला दिसू नये म्हणून.

तिच्या वरच्या ओठावर बारीक पांढरी रेघ आहे. ती कशाची हे तिला माहीत आहे, पण आजीचं नाव असलेली गोष्टच माहीत आहे. तिला खरं आधी सांगायचं की हे लिहून झाल्यावर, यावर मी आठवडाभर अडून बसले होते. काल रात्री तिनं परत उंची मोजायला बोलावलं. दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली, पेन्सिल माझ्या हातात दिली.

"टाचा खाली," मी म्हटलं.

"खालीच आहेत," ती म्हणाली. मग हळूच खाली टेकवल्या.