आंतरदेशीय पत्र आणि सायंकाळचा रंकाळा

आज दुपारी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, पायात कापशीच्या कोल्हापुरी वहाणा चढवल्या आणि टपाल कार्यालयातून एक आंतरदेशीय पत्र घेऊन रंकाळा तलावाच्या काठी जाऊन बसलो. पत्र लिहितानाही माणसाने नीटनेटके असावे, असे माझे वडील मानत, आणि मला ते मनापासून पटते.

शाईचे पेन उघडून वर 'श्री' काढले, उजवीकडे कोल्हापूर व तारीख घातली आणि पुण्याच्या मित्राला 'सप्रेम नमस्कार, वि. वि.' लिहिताच हात आपोआप सावकाश चालू लागला. या निळ्या कागदात दुसरे काहीही घालता येत नाही, त्यामुळे जे द्यायचे ते अक्षरांतूनच द्यावे लागते. म्हणून मी त्याला खासबाग मैदानातल्या संध्याकाळी आणि ज्या उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी दरबारी आश्रय दिला, त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्यातील गाणे आम्ही दोघांनी पहाटेपर्यंत ऐकले ती रात्र, असे सारे सविस्तर लिहिले.

'कळावे, लोभ असावा' लिहून झाल्यावर घडीच्या कडेला थोडी जागा उरली होती. तिथे 'ता. क.' घालून त्याच्या आईच्या प्रकृतीची चौकशी केली, आणि दिवेलागणीला पत्र पेटीत टाकले.