भिगवणच्या होडीतून: लांबचे पक्षी आणि घरची कात्री

"मावशी, हे तर नुसते ठिपके आलेत." होडीत बसून दहा मिनिटं झाली नव्हती तोच भाच्यानं कॅमेरा माझ्यापुढे धरला. पडद्यावर करडं पाणी होतं आणि मधोमध तांदळाच्या दाण्याएवढे सात-आठ रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मी त्याला म्हटलं, फोटो पुसू नकोस, घरी गेल्यावर कापून (क्रॉप करून) बघू. त्याच फोटोंनी पुढचे चार दिवस आम्हाला कॉम्प्युटरपुढे बसवून ठेवलं. यंदा भिगवणला पक्ष्यांचे फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी हे सगळं लिहून ठेवते आहे.

जानेवारीचा तिसरा आठवडा होता. पुण्याहून पहाटे पावणेचारला निघालो. सोलापूर रस्त्यानं भिगवण शंभरेक किलोमीटर, म्हणजे अंतर फार नाही. पण हे दिवस गाळपाचे. उसाच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यानं जात असतात आणि कित्येकींना मागे दिवा नसतो. म्हणून वेळ हातात ठेवूनच निघा. रेल्वेनं येणाऱ्यांसाठी भिगवण स्टेशन आहे, पण पहाटे होडीत बसायचं असेल तर आदल्या रात्री मुक्कामाला पोहोचणंच बरं. जवळच्या कुंभारगावात घरगुती मुक्कामाची सोय होते. तीच मंडळी होडीही ठरवून देतात आणि दुपारी चिलापीचं कालवण आणि भाकरी वाढतात. होडीचे पैसे, किती तास आणि एका होडीत किती माणसं, हे फोनवरच पक्कं करा. मोठी लेन्स असेल तर एका होडीत तिघांपेक्षा जास्त नकोत. चौथा माणूस उठून उभा राहिला की बाकी सगळ्यांचे फोटो हलतात.

हे पाणी उजनीचं. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं, जलाशयाचं नाव यशवंतसागर. पावसाळ्यानंतर तो तुडुंब असतो, तेव्हा रोहितांना उभं राहायला उथळ जागाच नसते. पाणी ओसरून चिखलाचे पट्टे उघडे पडले की ते येतात. त्यामुळे पाऊस जास्त झालेल्या वर्षी डिसेंबरात जाऊन हिरमुसून परत येणारे पुष्कळ भेटतात. निघण्याआधी नावाड्याला एकच विचारा, "दादा, चिखल उघडा पडलाय का?"

आमचे नावाडीदादा पन्नाशीचे, मूळचे मासेमारी करणारे. पक्षी दिसले तसं त्यांनी इंजिन बंद केलं आणि बांबूनं होडी ढकलायला लागले. मग एका जागी बांबू चिखलात रोवून थांबलेच. भाचा म्हणाला, "काका, अजून थोडं पुढं घ्या ना." त्यांनी मान हलवली. "न्हाई. त्या कडंच्या दोघांनी मान वर केली बघा. आता एक हात जरी पुढं गेलो तरी समदी चालाया लागतील, आन् मंग उठत्यात." खरंच, बाकीचे चोच उलटी करून पाणी गाळत होते आणि कडेचे दोघे ताठ मानेनं आमच्याकडे बघत होते. दोन मिनिटांनी त्यांनीही माना खाली घातल्या. ही खूण मी आता कायमची लक्षात ठेवली आहे. माना वर झाल्या की थांबायचं, पुन्हा खाली जाईपर्यंत कॅमेरासुद्धा जोरात वळवायचा नाही.

थोड्या वेळानं दुसरी एक होडी इंजिन चालू ठेवून सरळ थव्यात घुसली. अख्खा थवा उठला, होडीतल्यांनी उडतानाचे फोटो काढले आणि पुढचा अर्धा तास तिथं कुणालाच काही दिसलं नाही. मला याचा मनापासून राग येतो. खाणारा पक्षी उठवला की त्याचं खाणं जातं, वर उडण्याची दमछाक वेगळी. दिवसाला पाच वेळा असं झालं तर तो पक्षी इथं कशाला येईल? नावाड्याला बक्षिसी द्यायचीच असेल तर लांब थांबल्याबद्दल द्या. पुढच्या वेळी तो आपणहून लांब थांबेल.

तर थांबायचं लांबच. मग त्या लांबून हाती काय लागतं, याचं साधं गणित आहे, ते निघण्याआधीच करावं. माझा कॅमेरा एपीएस-सी (फुल-फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा. लेन्स ४०० मिलिमीटरची. ८० मीटरवर या जोडीला साधारण पावणेपाच मीटर रुंद आणि तीन मीटरहून जरा जास्त उंच एवढी जागा दिसते. रोहित मान वर करून उभा राहिला तर सव्वा-दीड मीटर भरतो. म्हणजे उंचीत चौकटीचा चाळीस टक्क्यांहून थोडा जास्त भाग, सोळा-सतराशे पिक्सेल. हा ठिपका नव्हे, चांगला मोठा पक्षी झाला. भाच्याकडे होती २०० ची लेन्स. त्याला तोच पक्षी निम्म्या उंचीचा मिळत होता, आणि सुरुवातीचा त्याचा थवा तर आणखी कितीतरी लांब होता. त्याच्या फोटोतून एकटा पक्षी कापून काढण्यात अर्थ नव्हता. त्यानं थव्याचे आणि पाण्याचे फोटो काढायला हवे होते. हे मी त्याला होडीतच सांगायला हवं होतं.

दोन्ही बाजूंनी निम्मं कापलं की २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात, ३००० बाय २०००. दहा इंची प्रिंटला तेवढं पुरतं, मोबाईलवर तर भरपूर होतं. पण कापताना पिक्सेल जातात एवढंच लोक धरून चालतात. फोटोतले कण (नॉइज) आणि हललेपणाही मोठा होऊन दिसतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० वर ठेवून काढलेला फोटो असा चौथाईवर आणला की त्याच आकाराच्या प्रिंटमध्ये तो जवळजवळ ६४०० वर काढल्यासारखा दिसतो. ४०० च्या लेन्सनं हात जेवढा हलला तो ८०० ची लेन्स धरल्यासारखा दिसतो. म्हणून पुढं कापावं लागणार हे माहीत असेल तर शटरचा वेग तेव्हाच वाढवा. उभ्या पक्ष्यालाही होडीतून मी १/१००० सेकंदाच्या खाली जात नाही, उडत्याला १/२०००. ट्रायपॉड होडीत निरुपयोगी, इंजिनाचा थरथराट त्यातून वर येतो. होडीच्या काठावर तांदूळ किंवा मोहरी भरलेली कापडी पिशवी ठेवा आणि लेन्स तिच्यावर टेकवा. बसता येईल तितकं खाली बसा. कॅमेरा पाण्याच्या जवळ आला की पक्ष्याच्या मागचा काठ लांब जातो आणि धूसर होतो. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसतं पाणी येतं, घरी कितीही कापा, ते बदलत नाही.

माझी चूक वेगळीच झाली. दोन रोहित जरा जवळ आले, तेव्हा कॅमेरा उभा धरून मी एकाला चौकटीत गच्च बसवला. त्यानं तेवढ्यात पंख पसरले. आत शेंदरी-गुलाबी, कडेला काळेभोर. पसरलेले पंख दीड मीटरच्या घरात भरतात, माझ्या चौकटीत तेवढी जागाच नव्हती. दोन्ही टोकं बाहेर गेली. घरी त्या फोटोचं काहीही करता आलं नाही. जादा असलेलं कापता येतं, बाहेर राहिलेलं परत आणता येत नाही. त्यामुळे आता पक्ष्याच्या आजूबाजूला एक पंख मावेल एवढी जागा सोडूनच काढते. पाण्यातल्या पक्ष्याला खालीही जागा लागते. प्रतिबिंब चोचीपाशी किंवा गुडघ्यात तुटलं की फोटो अर्धवट वाटतो. घ्यायचं तर पुरतं घ्या, नाहीतर पाय पाण्यात शिरतात तिथून थोडं खाली कापून प्रतिबिंब सोडूनच द्या.

उडतानाचा फोटो पक्षी न उठवताही मिळतो. रोहित आपणहून जागा बदलतात, तेव्हा पाण्यावर धावत धावत वर चढतात, आणि चढतात ते वाऱ्याच्या तोंडावर. वारा आपल्या पाठीमागून असेल तर ते आपल्या दिशेनं येतात. सकाळी सूर्यही पाठीशी हवा, म्हणजे होडी थव्याच्या पूर्वेला. नावाडीदादांना हे सगळं तोंडपाठ होतं. फक्त त्यांना आधी सांगा की आपल्याला घाई नाही.

साडेआठनंतर पट्टकदंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, दिसले. काठावरच्या गवतात चाळीसएक बसले होते. हिमालय ओलांडून आलेले हे पक्षी, मार्चच्या सुमारास परतीला निघणारे. त्यांची ओळखच डोक्यामागच्या दोन काळ्या पट्ट्यांची. फोटो कापताना मी तेच धरून चालले. ज्या फोटोंत चाळीसही पक्षी मावले होते त्यांत पट्टे दिसेनात. शेवटी एका कडेचे पाचच ठेवले, त्यातल्या दोघांच्या माना वळलेल्या आणि पट्टे स्वच्छ. कडेला अर्धा कापला जाणारा पक्षी राहू द्यायचा नाही, एवढं पाळलं. त्यासाठी चौकट दहा वेळा सरकवली. सहावा पक्षी पाचव्याला चिकटून बसला होता, त्यामुळे तो पाचवाही सोडावा लागला आणि चारच राहिले. त्याच काठावर मोर शराटी, चक्रवाक आणि शेकाट्या होते. वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्यांची तर पाण्यात दिंडीच होती. त्यांच्याबद्दल लिहीत बसले तर हे संपायचं नाही.

दुपारी कडबनवाडीच्या माळाकडे गेलो. चिंकारा दिसला, दीडशे मीटरवर. खांद्यापाशी उंची जेमतेम दोन फूट, म्हणजे माझ्या फोटोत चारशेच्या आसपास पिक्सेल. तेवढ्यातूनही छोटा फोटो निघाला असता, पण जमीन तापली होती आणि हवा थरथरत होती. त्याच्या कडा पाण्यात बघितल्यासारख्या वळवळत होत्या. हे लेन्सनं सुधारत नाही, कापल्यानं तर उलट उघडं पडतं. माळावर जायचं तर सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी. आम्ही कॅमेरा बाजूला ठेवला आणि दुर्बिणीतून त्याला अर्धा तास बघितलं. कान सारखे फिरत होते, शेपटी झटकत होती. भाच्याला हा अर्धा तास सगळ्या दिवसात जास्त आवडला.

घरी आल्यावर मी पहिल्या रात्री जे केलं ते बहुतेक सगळे करतात. प्रत्येक फोटोत पक्षी जमेल तेवढा मोठा करून बघितला. त्यातला एक फोटो पहाटेचा, धुक्यातला. पुढं रोहितांची रांग, मागं लांबवर एकटा मासेमार होडीत उभा राहून जाळं ओढतोय, त्याच्याही मागं पलीकडच्या काठावरची उसाची पुसट रेघ. मी त्यातले तीन पक्षी कापून काढले. डोळे दिसत नव्हते, पिसं दिसत नव्हती, नुसते गुलाबी डाग आले. भाचा शेजारी बसून बघत होता. तो म्हणाला, "मावशी, पण तो जाळंवाला कुठं गेला?"

मूळ फोटो पुन्हा उघडला. रुंदीला हातच लावला नाही, फक्त वरचं कोरं आभाळ आणि खालचं रिकामं पाणी काढलं. ६००० बाय २००० ची लांब पट्टी उरली. एकाच दिशेनं कापलं की लांबीचे सगळे पिक्सेल शाबूत राहतात, त्यामुळे ही पट्टी वीस इंच रुंद छापली तरी नीट येते. पक्ष्यांची रांग खालच्या तिसऱ्या भागात ठेवली. ते डावीकडे चालले होते, म्हणून डावीकडे जागा मोकळी सोडली. जाळंवाला उजवीकडे वर गेला. त्याच्या जाळ्याचा झोल आणि रोहितांच्या मानांचा बाक एकाच वळणाचे आहेत, हे काढताना मला दिसलंही नव्हतं. आधीच्या कापलेल्या फोटोत तर ते दिसणं शक्यच नव्हतं.

तेव्हापासून मी क्रम बदलला आहे. आधी क्षितिज सरळ करते, कारण फोटो फिरवला की कडा आपोआप कापल्या जातात, आणि पाण्यावरचं तिरकं क्षितिज लगेच खुपतं. मग कडांवरून नजर फिरवते, कुठं अर्धी चोच, बांबूचं टोक, होडीचा काठ आलाय का ते बघते. त्यानंतर विचारते की हा पक्षी कुठं उभा आहे हे फोटोत उरलंय का. पक्षी खरंच जवळचा असेल, डोळ्यात चमक असेल, तरच गच्च कापते. नाहीतर पाणी, चिखल, जाळी राहू देते. कण कमी करणं आणि धार चढवणं सगळ्यात शेवटी. मूळ रॉ फोटो (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न झालेली फाइल) कधीच पुसू नका. स्पर्धेला पाठवायचा असेल तर तो मागतात, आणि सहा महिन्यांनी त्याच फोटोत दुसरं काही दिसू शकतं.

भाच्यानंही त्याचे ठिपके पुन्हा उघडले. करडं पाणी तसंच ठेवलं, चौकट चौरस केली आणि ते सात-आठ दाणे वरच्या कोपऱ्यात नेले. खाली सगळं पाणीच, त्यावर आमच्या होडीची एक लाट तिरकी गेलेली. तो फोटो आता त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर लावला आहे. फेब्रुवारीत पुन्हा जायचं म्हणतोय. नावाडीदादांना फोन झाला आहे, चिखल आणखी उघडा पडलाय म्हणाले.